पक्ष्यांच्या मृत्यूची मानवनिर्मित कारणे

मानवाची कृती, त्याने उभारलेल्या रचना, वापरात आणलेली रसायने किंवा पाळलेले प्राणी यांच्यामुळे पक्ष्यांना येणाऱ्या मृत्यूच्या कारणांना पक्षिमृत्यूची मानवनिर्मित कारणे म्हणतात. विजेच्या तारा, इमारतींच्या काचा, औषधे व कीटकनाशके, पतंगाचा मांजा, शिकार, मासेमारीची साधने, मांजरे, वाहने आणि विमाने ही त्यांपैकी प्रमुख होत. शिकारीचा अपवाद वगळता यांतील बहुतेक कारणांमागे पक्ष्याला मारण्याचा हेतू नसतो. दुसऱ्याच कामासाठी केलेल्या गोष्टीचा तो अनपेक्षित परिणाम असतो. त्यामुळेच अशी कारणे दीर्घकाळ लक्षात येत नाहीत. मात्र कारण नेमके ओळखता आले, तर उपायही बहुधा नेमका सापडतो, असे अनेक उदाहरणांतून दिसून आले आहे.

व्याप्ती

मानवनिर्मित कारणांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन प्रकार केले जातात. तारेवर आदळणे, विषबाधा होणे, जाळ्यात सापडणे ही प्रत्यक्ष कारणे होत. अधिवासाचा नाश, खाद्याची टंचाई व हवामानबदल ही अप्रत्यक्ष कारणे आहेत. जगभरातील पक्ष्यांच्या घटीला अधिवासाचा नाश फार मोठ्या प्रमाणावर जबाबदार आहे; तथापि या लेखात मुख्यतः प्रत्यक्ष कारणांचा विचार केला आहे.

पक्ष्यांचा प्रत्येक सामूहिक मृत्यू मानवनिर्मित असतोच असे नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर हजारो पक्षी मृत्युमुखी पडले. प्रारंभी विषबाधेचा संशय व्यक्त झाला होता. परंतु तपासणीअंती ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूच्या विषामुळे होणारा बोट्युलिझम हा रोग त्यामागे असल्याचे निष्पन्न झाले. मृत पक्ष्यांचे शवविच्छेदन व प्रयोगशाळेतील तपासणी यांना या विषयात महत्त्व आहे ते याच कारणाने.

मृत्यूंचे मोजमाप

मेलेले पक्षी मोजणे वाटते तितके सोपे नसते. लहान पक्ष्याचे शव गवतात दिसत नाही आणि दिसण्यापूर्वीच कुत्री, कोल्हे, कावळे किंवा मुंगुस ते नाहीसे करतात. म्हणून अभ्यासक ठरावीक पट्ट्यात नियमित शोध घेतात, शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटणाऱ्या व परभक्षींनी पळवलेल्या शवांचे प्रमाण चाचणीने काढतात आणि त्यानुसार प्रत्यक्ष सापडलेल्या आकड्यात दुरुस्ती करतात. यामुळे असे अंदाज एका आकड्यात न देता किमान व कमाल मर्यादेत दिले जातात.

या पद्धतीचे विस्तृत अंदाज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांसाठी उपलब्ध आहेत. स्कॉट लॉस, टॉम विल आणि पीटर मारा यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्या देशाच्या सलग भूभागात मांजरांमुळे दरवर्षी १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मरतात. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार इमारतींवर आदळून ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी, वाहनांच्या धडकेने ८.९ कोटी ते ३४ कोटी आणि वीजतारांमुळे १.२ कोटी ते ६.४ कोटी पक्षी मरण पावतात. पवनचक्क्यांसाठीचा २०१३ मधील अंदाज १.४ लाख ते ३.२८ लाख असा आहे. यांतील कमाल व किमान आकड्यांतील मोठे अंतर मोजमापातील अनिश्चितता दर्शवते. तसेच हे आकडे त्या देशातील परिस्थितीचे असल्याने ते अन्य देशांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

केवळ संख्येवरून एखाद्या कारणाचे गांभीर्य ठरत नाही. चिमणीसारखा लहान पक्षी वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा अंडी घालतो आणि एका वेळी अनेक पिल्ले वाढवतो. याउलट गिधाड किंवा माळढोक सामान्यतः एका विणीत एकच अंडे घालतो आणि प्रजननक्षम होण्यास त्याला काही वर्षे लागतात. अशा दीर्घायुषी व सावकाश वाढणाऱ्या जातींमध्ये प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी सबंध जात घटू लागते. त्यामुळे संख्येने किरकोळ दिसणारे कारण एखाद्या जातीच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते.

औषधे आणि विषारी द्रव्ये

डायक्लोफेनॅक आणि गिधाडे

औषधामुळे झालेल्या पक्षिमृत्यूंचे सर्वांत ठळक उदाहरण भारतीय उपखंडातील गिधाडांचे आहे. १९८०च्या दशकापर्यंत गिधाडे भारतभर कोट्यवधींच्या संख्येने आढळत. १९९०च्या दशकात राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी त्यांची झपाट्याने होणारी घट नोंदवली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची एकत्रित संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली.

प्रारंभी संसर्गजन्य रोगाची शंका घेतली जात होती. २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासावरून लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी खरे कारण दाखवून दिले. गुरांच्या वेदना व सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे ‘डायक्लोफेनॅक’ हे औषध, उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते. त्यामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन यूरिक आम्लाचे स्फटिक अंतर्गत अवयवांवर साचत आणि काही दिवसांतच पक्षी मरत. गिधाडे थव्याने एकाच शवावर तुटून पडत असल्याने एका दूषित शवापासून अनेक पक्ष्यांना बाधा होई. औषधाचा अंश असलेल्या शवांचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी असले, तरी एवढी मोठी घट होण्यास ते पुरेसे ठरते, असे गणिती प्रतिमानाने दाखवले आहे.

भारत सरकारने २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी आणण्याची कारवाई केली. त्यानंतरही माणसांसाठी बनवलेल्या मोठ्या कुप्यांतील औषध गुरांना टोचले जात असल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित करण्यात आली. गिधाडांना अपायकारक ठरलेल्या कीटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय असल्याचे चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे संवर्धन व प्रजनन केंद्र चालवले जाते. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात वनविभागाने औषधमुक्त मृत जनावरे उपलब्ध करून देणारी ‘गिधाड उपाहारगृहे’ सुरू केली.

या घटीचे परिणाम पक्ष्यांपुरते मर्यादित राहिले नाहीत. गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे कुजत पडू लागली आणि त्यांवर पोसणारी भटकी कुत्री वाढली. मुंबईतील पारशी समाजाच्या दोखम्यांतील अंत्यविधीची परंपराही अडचणीत आली. इयल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज मांडला आहे.

कीटकनाशके आणि शिसे

डीडीटी या कीटकनाशकामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होऊन ती घरट्यातच फुटतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या ग्रंथाने या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली. त्यानंतर तेथील टकलू गरुड व बहिरी ससाणा यांची संख्या सावरली. भारतात केवलादेव परिसरात अॅल्ड्रिन या कीटकनाशकामुळे सारस क्रौंच दगावल्याची नोंद आहे. विषप्रक्रिया केलेले बियाणे खाल्ल्याने मोरांसारखे दाणे टिपणारे पक्षी मरतात. रानडुक्कर, बिबट्या किंवा कुत्री यांना मारण्यासाठी शवात घातलेले विष गिधाडे, घारी व कावळे यांच्याही जिवावर बेतते. बंदुकीच्या छऱ्यांतील शिसे अन्नाबरोबर पोटात गेल्यास पाणपक्षी व गरुड यांना विषबाधा होते.

वीजतारा आणि पवनचक्क्या

वीजतारांमुळे पक्षी दोन प्रकारे मरतात. पहिला प्रकार धडकेचा आहे. उडणाऱ्या पक्ष्याला तार वेळीच दिसत नाही. दुसरा प्रकार विजेच्या धक्क्याचा आहे. खांबावर बसलेल्या मोठ्या पक्ष्याच्या पंखांचा स्पर्श एकाच वेळी दोन तारांना किंवा तार व खांबाच्या लोखंडी भागाला झाला, की त्याच्या शरीरातून वीज वाहते. एकाच तारेवर बसलेल्या लहान पक्ष्यांना धक्का बसत नाही, कारण त्यांचा स्पर्श दुसऱ्या वाहक भागाला होत नाही. पंखांचा विस्तार मोठा असलेले गरुड, गिधाडे, करकोचे व सारस यांना धक्क्याचा धोका अधिक असतो.

धडकेचा सर्वाधिक धोका माळढोकाला आहे. हा पक्षी उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक असून त्याला उडताना ऐनवेळी दिशा बदलता येत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते. खाली जमिनीकडे पाहत उडताना समोरची तार त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. राजस्थानातील थरच्या वाळवंटात भारतीय वन्यजीव संस्थेने केलेल्या पाहणीत, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात वीजतारांमुळे वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी मरत असावेत, असा अंदाज काढण्यात आला. माळढोकाची एकूण संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरलेली असल्याने दरवर्षी दगावणारे मोजके पक्षीही त्या जातीला परवडणारे नाहीत. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसर माळढोकासाठी प्रसिद्ध होता आणि १९७९ मध्ये तेथे अभयारण्य स्थापन झाले. परंतु माळरानांच्या ऱ्हासामुळे तेथे हा पक्षी आता क्वचितच दिसतो.

या प्रश्नावर एम. के. रणजितसिंह व इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी माळढोकाच्या अधिवासातील वीजवाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचा व अन्यत्र पक्षी-सूचक बसवण्याचा आदेश दिला. वाळवंटातील तोच प्रदेश सौर व पवनऊर्जेसाठीही महत्त्वाचा आहे. उच्च दाबाच्या वाहिन्या भूमिगत करण्यातील तांत्रिक अडचणी व खर्च पुढे आल्यावर २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने सरसकट आदेशात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. हवामानबदल रोखण्यासाठी आवश्यक असलेली स्वच्छ ऊर्जा आणि नामशेष होऊ घातलेली जात यांपैकी एकाची निवड न करता दोहोंचा मेळ कसा घालावा, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न आहे.

पवनचक्क्यांच्या पात्यांची धडक बसूनही पक्षी व वटवाघळे मरतात. त्यांचा परिणाम कधी अप्रत्यक्षही असतो. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावर मारिया ठाकर व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी लक्षणीय कमी आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे अधिक आढळले.

काच आणि कृत्रिम प्रकाश

काच हा अडथळा आहे हे पक्ष्यांना उमगत नाही. तिच्यात उमटलेले झाडांचे व आकाशाचे प्रतिबिंब त्यांना खरे वाटते किंवा पारदर्शक काचेपलीकडची झाडे मोकळ्या वाटेसारखी दिसतात. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर विणीसाठी येणारा नवरंग आणि तिबोटी खंड्या हे पक्षी इमारतींवर आदळून जखमी अवस्थेत सापडतात.

रात्री स्थलांतर करणारे पक्षी कृत्रिम प्रकाशाने दिशाभ्रमित होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात ‘मॅककॉर्मिक प्लेस’ या संकुलातील एकाच इमारतीवर आदळून एका रात्रीत सुमारे एक हजार पक्षी मेले. पुढील वर्षी त्या इमारतीच्या काचांवर बारीक ठिपक्यांची पारदर्शक पट्टी चिकटवल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

आसाममधील जतिंगा या गावाची ‘पक्ष्यांच्या आत्महत्यां’साठी प्रसिद्धी झाली आहे, परंतु ती वस्तुस्थितीला धरून नाही. पावसाळ्याच्या अखेरीस, अंधाऱ्या व धुक्याच्या रात्री वाऱ्याने भरकटलेले पक्षी गावातील दिव्यांकडे ओढले जात आणि खाली उतरल्यावर ग्रामस्थ त्यांना बांबूने मारत. जनजागृतीनंतर तेथे हे प्रमाण कमी झाले.

मांजा

मकरसंक्रांतीच्या काळात पतंगाच्या मांजामुळे अनेक पक्षी जखमी होतात. पारंपरिक मांजात सुती दोऱ्याला खळ व काचेची पूड लावलेली असते. नायलॉन मांजा त्याहून घातक ठरतो, कारण तो तुटत नाही आणि कुजतही नाही. उत्सव संपल्यावर झाडांवर व तारांवर अडकून राहिलेला मांजा कित्येक महिने पक्ष्यांना गुंतवत राहतो. पक्षी सकाळी रातनिवाऱ्यातून बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात. त्या वेळी चालणारी पतंगबाजी विशेष धोक्याची असते. घारी, घुबडे, बगळे, ढोकरी व कबुतरे यांच्या पंखांना व मानेला खोल जखमा होतात. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन व तत्सम कृत्रिम मांजाच्या निर्मिती, विक्री आणि वापरावर देशभर बंदी घातली. तरीही त्याची चोरटी विक्री पूर्णपणे थांबलेली नाही. या मांजाने माणसांचेही बळी घेतले आहेत.

शिकार, व्यापार आणि मासेमारी

अतिशिकारीमुळे एखादी विपुल जातही नष्ट होऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण उत्तर अमेरिकेतील प्रवासी पारव्याचे आहे. एकेकाळी अब्जावधींनी असलेल्या या जातीचा अखेरचा ज्ञात पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात मरण पावला.

नागालँडमधील अमूर ससाण्याची कथा याउलट आहे. सायबेरिया व चीनच्या ईशान्य भागातून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे हे पक्षी वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयाजवळ मोठ्या संख्येने थांबतात. २०१२ मध्ये तेथे मासेमारीच्या जाळ्यांत पकडून एका हंगामात १,२०,००० ते १,४०,००० ससाणे मारले गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानंतर ग्रामसभा, चर्च, वनविभाग व निसर्गप्रेमी संस्था एकत्र आल्या आणि २०१३ च्या हंगामात तेथे एकही ससाणा मारला गेला नाही. शिकारीवर गुजराण करणारे ग्रामस्थच पुढे राखणदार झाले. या पक्ष्यांच्या उड्डाणमार्गाचा काही भाग महाराष्ट्रावरूनही जातो.

पोपट, मुनिया इत्यादींच्या चोरट्या व्यापारात पकडताना व वाहतुकीत अनेक पक्षी गुदमरून मरतात. समुद्रात लांब दोरीच्या गळांना लावलेले आमिष खाताना अल्बट्रॉस व इतर समुद्रपक्षी गळाला अडकून बुडतात. अशा मासेमारीत दरवर्षी किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरत असावेत, असा २०११ मधील एक अंदाज आहे. नौकेमागे रंगीत फिती लावलेली दोरी सोडण्याच्या साध्या उपायाने नामिबियाच्या गळ-मासेमारीतील समुद्रपक्ष्यांचे मृत्यू सुमारे ९८ टक्क्यांनी कमी झाले. तेलगळती हेही समुद्रपक्ष्यांच्या मृत्यूचे कारण आहे. १९८९ मध्ये अलास्काजवळ ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ या जहाजातून झालेल्या गळतीत सुमारे अडीच लाख समुद्रपक्षी मेल्याचा अंदाज आहे.

मांजरे, वाहने आणि विमाने

मांजर भूक नसतानाही शिकार करते. परभक्षी सस्तन प्राणी मुळातच नसलेल्या बेटांवर मांजरांचा उपद्रव विशेष घातक ठरतो. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरील उडता न येणारा ‘लायलचा रेन’ हा छोटा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर मांजरे पोहोचल्यानंतर अल्पावधीत नामशेष झाला.

रस्त्यांवर सांडलेले धान्य, दिव्यांभोवतीचे कीटक आणि मेलेले प्राणी यांमुळे पक्षी वाहनांसमोर येतात. रातवा हा निशाचर पक्षी रात्री रस्त्यावरच बसत असल्याने वारंवार चिरडला जातो. विमानतळांच्या परिसरातील उघडा कचरा घारींना आकर्षित करतो आणि त्यातून पक्षी व प्रवासी या दोघांनाही धोका संभवतो. २० मे २०२४ रोजी रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची धडक बसून घाटकोपर परिसरात किमान ३९ रोहित (फ्लेमिंगो) मृत्युमुखी पडले.

कायदेशीर तरतुदी

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनुसूचित पक्ष्यांची शिकार, त्यांना पकडणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात शहरी भागातील वृक्षतोडीवर १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे नियंत्रण आहे. विणीच्या हंगामात घरटी असलेले झाड तोडल्यास पिल्लेही दगावतात. म्हणून फांद्यांची छाटणी करण्यापूर्वी घरट्यांची पाहणी करणे आवश्यक मानले जाते. हे कायदे मुख्यतः हेतुपुरस्सर कृत्यांना लागू पडतात. तार, काच किंवा औषध यांमुळे नकळत होणारे मृत्यू टाळण्यासाठी रचना, उत्पादन व वापर यांचे नियमन करावे लागते.

प्रतिबंधक उपाय

प्रत्येक कारणाचा उपाय त्याच्या स्वरूपावरून ठरतो:

• वीजतारा: तारांवर फिरत्या किंवा चकाकणाऱ्या चकत्या लावणे, खांबाजवळील तारांवर विद्युतरोधक आवरण घालणे, तारांमधील अंतर वाढवणे आणि संवेदनशील क्षेत्रात वाहिन्या भूमिगत करणे.
• काच: बाहेरच्या बाजूने सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर ठिपके किंवा रेषा उमटवणे. काचेवर एखाद-दुसरे पक्ष्याचे चित्र चिकटवल्याने फारसा उपयोग होत नाही.
• प्रकाश: स्थलांतराच्या काळात रात्री अनावश्यक दिवे बंद ठेवणे.
• औषधे: गुरांसाठी गिधाडांना निर्धोक औषधे वापरणे व नव्या औषधांची आधीच चाचणी घेणे.
• मांजा: नायलॉन मांजा न वापरणे, सकाळी व संध्याकाळी पतंग न उडवणे आणि सणानंतर झाडांवर अडकलेला मांजा काढून टाकणे.
• मांजरे: पाळीव मांजरे घरात ठेवणे व त्यांचे निर्बीजीकरण करणे.

काचेवर आदळून किंवा मांजात अडकून जखमी झालेला पक्षी आढळल्यास त्याला हवेसाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवतात. त्याच्या चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरू शकतो. पंखात गुंतलेला मांजा ओढून न काढता कात्रीने कापावा. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर याची माहिती देता येते.